आगोट विसरलेल्या शहरांसाठी

मंडळी, 'आगोट' हा शब्द आज आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत विचारा, जुनी माणसं लगेच सांगतील. बाकीच्यांनी बहुतेक ऐकलेला नसेल. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण पूर्ण वाचा, कारण शेवटी घरात करायच्या कामांची यादी आहे आणि ती का करायची याचं कारण आपल्याच शहरांच्या इतिहासात आहे.

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घरात भरून ठेवायची बेगमी. मे महिन्यात सुकी मासळी घ्यायची : सुकट, बोंबील, जवळा, सोडे. तांदूळ कणगीत, कडवे वाल डब्यात, खडे मीठ मडक्यात. मसाला कुटून झालेला. लाकूडफाटा आणि गोवऱ्या पडवीत कोरड्या जागी रचलेल्या. घर शाकारून झालेलं. शहरातल्या वाड्यांमध्ये आणि चाळींमध्ये याच दिवसांत गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत असायचे, भाजणी व्हायची, लोणचं घातलं जायचं. जातीजमातीप्रमाणे पदार्थ वेगळे, हिशोब एकच. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात जाणार नाही, उल्हास, काळू, भातसा दुथडी भरून वाहणार, गावाचा बाजाराशी संबंध कधी तुटेल सांगता येत नाही. तेव्हा घर आपल्या जोरावर चाललं पाहिजे.

यात भीतीचा लवलेश नव्हता हे मला महत्त्वाचं वाटतं. 'आपत्ती' हा शब्दही कुणी वापरत नव्हतं. पाऊस दरवर्षी येतो, रस्ता दरवर्षी बंद होतो, म्हणून तयारी दरवर्षी करायची. ते घरकाम होतं, दिवाळीच्या साफसफाईसारखं.

मग ही सवय गेली कुठे? ती आळसामुळे गेली नाही. तिची गरज कमी होत गेली आणि ती गरज कमी करणाऱ्या गोष्टी खरोखरच चांगल्या होत्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. बाजार जवळ आला. मग नळ आले, वीज आली, गॅस आला. ठाण्याची महापालिका १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. गिरगाव-दादरच्या दोन खोल्या सोडून लोक डोंबिवलीत ब्लॉक घ्यायला लागले तेव्हा घराच्या मागे विहीर असायची. पुढे बंगले पडून इमारती झाल्या, विहिरी बुजल्या किंवा त्यांवर झाकणं बसली. तळ्यांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात तळी राहिली ती फिरायला. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या जवळ पोचलं होतं. एवढी माणसं कणगी आणि विहिरीवर जगू शकत नाहीत, कबूल. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या घरांत निदान थोडा उरलेला सुटा साठा असायचा. रेशनचं रॉकेल आणि एक स्टोव्ह असायचा. लोडशेडिंगच्या काळात प्रत्येक घराला वेळापत्रक पाठ होतं, इन्व्हर्टर होता, मेणबत्ती कुठल्या खणात आहे ते अंधारात सापडायचं. लोडशेडिंग संपलं, इन्व्हर्टरची बॅटरी मेली, ती कुणी बदलली नाही. रॉकेल मिळेनासं झालं, स्टोव्ह भंगारात गेला. आता कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येते, त्यामुळे घरात दोन दिवसांचं सामानही ठेवायची गरज वाटत नाही.

सोय वाढली ते उत्तमच झालं. पण या सगळ्या सोयी एकमेकांना बांधलेल्या आहेत. एक तुटली की बाकीच्या ओळीने तुटतात. ते आपण गेल्या वीस वर्षांत अनेकदा पाहिलं आणि दरवेळी आठवड्याभरात विसरलो. म्हणून जरा क्रमाने आठवून बघू.

आधी मागे जाऊ, डिसेंबर १९७१ मध्ये. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि मुंबईसह आसपासच्या भागात ब्लॅकआऊट लागला. त्या पिढीतली माणसं अजून सांगतात : खिडक्यांना काळा किंवा ब्राऊन पेपर, गाड्यांच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, भोंगा वाजला की दिवे बंद. आणखी एक गोष्ट केली जायची, ती आता कुणाला आठवत नाही. खिडकीच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या खळीने तिरक्या चिकटवायचे. स्फोटाच्या हादऱ्याने काच फुटली तरी तुकडे घरभर उडू नयेत, म्हणून. युद्ध दोन आठवड्यांत संपलं, पट्ट्या ओल्या फडक्याने काढून टाकल्या गेल्या.

आता ही पट्टी लक्षात ठेवा आणि २६ मे २०१६ ला या. डोंबिवली एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत सकाळी स्फोट झाला. १२ जणांचा जीव गेला, जखमी शेकड्यांच्या घरात होते. आजूबाजूच्या इमारतींच्या, दुकानांच्या काचा लांबपर्यंत फुटल्या आणि कंपनीशी काहीही संबंध नसलेल्या कित्येकांना त्या काचांनी जखमा झाल्या. त्यानंतर आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, त्याच एमआयडीसीत अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला, पुन्हा दहाहून जास्त माणसं गेली, पुन्हा काचा फुटल्या. १९७१ मध्ये लांबच्या विमानांसाठी केलेली तयारी आपल्या घराशेजारच्या रिॲक्टरसाठी करायला हवी होती. ती पट्टी आज पारदर्शक फिल्मच्या रूपात बाजारात मिळते. एमआयडीसीच्या आसपास ज्यांच्या मोठ्या काचेच्या खिडक्या आहेत त्यांनी ती लावून घेण्याचा विचार नक्की करावा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, मोठा आवाज झाला की आपण सगळ्यात आधी काय करतो? खिडकीत धावतो. पहिल्या आवाजानंतर दुसरा, मोठा स्फोट होऊ शकतो, तेव्हा काचेपासून लांब जायचं. हे घरातल्या मुलांना शब्दांत सांगून ठेवायला हवं. वायूचा वास आला तर खिडक्या-दारं बंद, फटींना ओली फडकी, तोंडावर ओला रुमाल, आणि बघायला म्हणून कंपनीकडे जायचं नाही. गर्दीमुळे अग्निशमन दलाची गाडी अडते ती वेगळीच.

आता २६ जुलै २००५. दरवर्षी ही तारीख आली की मिठी नदीचे फोटो फिरतात. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला त्याच्या दहावा हिस्साही नाही, हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. पण त्याच दिवशी आपली उल्हास आणि वालधुनी काय करत होत्या ते मुंबईच्या बातम्यांत फार आलं नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणच्या सखल वस्त्या पाण्यात होत्या. त्यात दुपारी चारच्या सुमाराला मोठी भरती, म्हणजे खाडी पाणी घेईना. आपली शहरं नदीच्या शेवटच्या टप्प्यात, खाडीच्या तोंडाशी आहेत. वरून पूर आणि खालून भरती एकत्र आली की पाण्याला जायला जागा राहत नाही, हा भूगोल आहे आणि तो कुठल्याही निवडणुकीने बदलणार नाही.

त्या दिवशीच्या मृत्यूंचा आकडा राज्यभरात, रायगडमधल्या दरडी धरून, हजाराच्या वर गेला. त्यातून घरासाठी धडे कोणते निघाले? पहिला : जिथे सुरक्षित आहात तिथे थांबा. मुंबईत काही माणसं बंद गाडीत, काचा वर असताना, पाणी वाढत गेल्याने गेली. जी ऑफिसात रात्रभर थांबली ती दुसऱ्या दिवशी घरी आली. दुसरा : फोनवर अवलंबून राहू नका. मोबाइल तेव्हा नवे होते आणि नेमके त्याच दिवशी बंद पडले. मुलगी शाळेत आहे की मैत्रिणीकडे, हे कळायला काही घरांना चोवीस तास लागले. ज्यांच्या घरात आधीच ठरलं होतं की असं काही झालं तर मुलांनी अमक्या मावशीकडे थांबायचं, तिथला जीव थोडा कमी टांगणीला लागला. तिसरा : कागद. पाणी ओसरलं तेव्हा रेशनकार्ड, मार्कशीट, घराचे कागद लगदा झाले होते, आणि पंचनाम्यापासून विम्यापर्यंत सगळीकडे तेच मागितले जात होते. चौथा : अफवा. २८ जुलैला मुंबईत जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत धरण फुटल्याची, लाटा येत असल्याची अफवा पसरली आणि रात्री झालेल्या चेंगराचेंगरीत लहान मुलांसह अनेक जण दगावले. पाण्याने नाही, ऐकीव बातमीने. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, आता आहे. आणि पाचवा : पूर ओसरल्यावरची साथ. लेप्टो, गॅस्ट्रो, हिवताप. घाण पाण्यातून चालून आलेल्या माणसाने पाय साबणाने धुवायचे, जखम असेल आणि ताप आला तर डॉक्टरला 'मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो' हे आपणहून सांगायचं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण, नियंत्रण कक्ष, आराखडे अशी रचना तयार झाली. तिचा उपयोग होतो याचं एक उदाहरण आपल्याच परिसरात आहे. २७ जुलै २०१९. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली. आत सुमारे १०५० प्रवासी, त्यांत गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं. चारी बाजूंना पाणी. रेल्वेने पुन्हा पुन्हा सांगितलं की खाली उतरू नका, डबा सुरक्षित आहे. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं, आसपासचे गावकरी आले. दुपारपर्यंत सगळे बाहेर, एकही जीव गेला नाही. हे दोन गोष्टींमुळे जमलं : यंत्रणा पोचली आणि ती पोचेपर्यंत माणसं जागेवर थांबली. पण लक्षात घ्या, पहाटेपासून दुपारपर्यंतचे तास प्रवाशांना जवळ असलेल्या बिस्किटावर आणि बाटलीतल्या पाण्यावर काढावे लागले. देशातली उत्तम यंत्रणा कामाला लागली तरी मधले तास आपले आपल्यालाच काढायचे असतात. घराच्या तयारीचा सगळा अर्थ एवढाच आहे : ते मधले तास.

पाण्याचं म्हणाल तर एक विचित्र गोष्ट आपल्याकडेच घडते. बाहेर धो धो पाऊस आणि घरातला नळ कोरडा. कल्याण-डोंबिवलीचं पाणी उल्हास नदीतून उचललं जातं. नदीला मोठा पूर आला की काठावरची उदंचन केंद्रंच धोक्यात येतात, पंप बंद ठेवावे लागतात, गाळ इतका असतो की शुद्धीकरण चालत नाही. आणि पूर नसला, वीज गेली, तरी पंप बंदच. नदी, पंप, वीज, पुन्हा सोसायटीचा पंप, पुन्हा वीज, मग गच्चीवरची टाकी, मग नळ. या साखळीतली एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. उन्हाळ्यात उल्हास नदीत जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून येतं. सह्याद्रीच्या माथ्यावर मावळातल्या तलावात साठवलेलं पाणी १९२२ पासून तिथे वीज करून उल्हासमध्ये सोडलं जातं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून आज आपल्या नळाला मे महिन्यात पाणी आहे. वीज आणि पाणी या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच.

१२ ऑक्टोबर २०२० ला हे दिसलं. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. बिघाड मुंबईत नव्हता, आपल्या जिल्ह्यात होता. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं : ४०० केव्हीच्या कळवा-पडघे केंद्रात एका सर्किटची दुरुस्ती चालू होती, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यात बिघाड झाला. पुढे त्यामागे परदेशी सायबर हल्ला होता का, यावर बराच वाद झाला. घरात बसलेल्या माणसाला कारण कोणतंही असो, परिणाम सारखाच. लोकल जागेवर थांबल्या, सिग्नल बंद, लिफ्ट अडकल्या. करोनाचा काळ, म्हणजे मुलांची शाळा आणि मोठ्यांचं ऑफिस दोन्ही घरात, दोन्ही बंद. काही ठिकाणी दोन-तीन तासांत वीज आली, काही ठिकाणी संध्याकाळ झाली. ज्या घरात ऑक्सिजनचं यंत्र चालू होतं त्या घरासाठी ते दोन तास किती लांब होते, याचा विचार करून बघा.

आणि त्याच वर्षीची २४ मार्चची रात्र. आठ वाजता पंतप्रधानांनी लॉकडाऊन जाहीर केला आणि साडेआठला दुकानांसमोर रांगा. अंतर ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि त्याच कारणासाठी माणसं एकमेकांना चिकटून उभी होती. मला इतिहासातला हा क्षण फार बोलका वाटतो. ज्या घरात पंधरा दिवसांची डाळ-तांदूळ होती त्या घराला त्या रात्री रांगेत उभं राहावं लागलं नाही. आणि ते घर रांगेत नव्हतं म्हणून रोजंदारीवर जगणाऱ्या, रोज पाव किलो तेल घेणाऱ्या माणसासाठी दुकानात थोडं तेल उरलं.

इथे तयारी आणि साठेबाजी यांतला फरक स्पष्ट होतो. शांत काळात, दर महिन्याच्या किराण्यात एक-एक वस्तू जास्त घेणं ही तयारी. संकट आल्यावर दहा किलो साखर उचलणं ही साठेबाजी. पहिलीने कुणाचंच नुकसान होत नाही, दुसरीने शेजाऱ्याच्या तोंडचं जातं. ज्यांना परवडतं त्यांनी आधी तयारी करणं ही म्हणूनच ज्यांना परवडत नाही त्यांना केलेली मदत आहे.

रस्त्यांचं आणि रेल्वेचं थोडक्यात सांगतो. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप वीस दिवस चालला. २०२० च्या मार्चपासून सामान्य प्रवाशाला लोकल जवळजवळ बंद होती, दोन डोस घेतलेल्यांना ती १५ ऑगस्ट २०२१ पासून मिळाली. कल्याणचा शंभर वर्षांचा पत्री पूल २०१८ मध्ये बंद झाला तो नवा होऊन जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला. तेवढ्या काळात ॲम्ब्युलन्सला काय त्रास झाला ते कल्याणकरांना विचारा. रायत्याचा पूल पाण्याखाली गेला की मुरबाडचा रस्ता बंद. आपली शहरं रेल्वेने पूर्व-पश्चिम कापलेली आहेत, पूल मोजके आहेत. 'हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे' हे रोजचं खरं आहे, त्या दिवशीचं असेलच असं नाही. आपल्याच बाजूला, पूल न ओलांडता पोचता येईल असा दवाखाना कोणता, हे माहीत असायला हवं.

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. यादीत ठाण्याचंही नाव होतं. १९७१ नंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच. त्या दोन-तीन दिवसांत सगळे विचारत होते, घरात काय ठेवायचं? मग शस्त्रसंधी झाली आणि प्रश्न विरून गेला. १९७१ च्या पट्ट्या निघाल्या तसाच.

तर आता हिशोब मांडू. पूर, स्फोट, युद्ध, साथ, वीजबिघाड, संप. कारणं सगळी वेगळी, पण घरात बंद पडणाऱ्या गोष्टी त्याच त्या पाच : पाणी, वीज, फोन, रस्ता आणि पैसे. आणि बहुतेक वेळा त्या काही तास ते तीन दिवस बंद असतात. तीन दिवसांची तयारी असेल तर यांतल्या जवळजवळ सगळ्या प्रसंगांतून घर निभावतं. त्यासाठी बंकर लागत नाही, माळ्यावरची एक पिशवी आणि स्वयंपाकघरातली थोडी शिस्त लागते.

पाणी. पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन-चार लिटर धरा. चौघांच्या घराला तीन दिवसांचे पन्नास लिटरच्या आत भागतं. झाकणाचे दोन कॅन पुरतात, पाणी आठवड्याने बदलायचं, जुनं झाडांना. वापरायचं पाणी बादल्या-पिंपात, पण झाकून, नाहीतर डेंग्यू आपणच पाळू. क्लोरीनच्या थेंबांची एक बाटली ठेवा, तिची तारीख बघा.

खाणं. शिजवावं न लागणारं काहीतरी : पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, खजूर, बिस्किटं, भाजलेलं सातूचं पीठ. जुन्या घरात मेतकूट आणि भाजणी असायची ती याचसाठी. तान्हं बाळ असेल तर त्याच्या दुधाची पावडर वेगळी. ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांना एकच स्रोत आहे हे लक्षात ठेवा, एखादी इंडक्शन शेगडी असू द्या. सिलिंडरवाल्यांनी दुसरा सिलिंडर रिकामा ठेवू नये. पुराचं पाणी घरात शिरायला लागलं तर आधी मेन स्विच बंद, गॅसचा कॉक बंद, मग सामान वर. ओल्या हाताने स्विचला हात लावायचा नाही.

औषधं. बीपी, साखर, थायरॉइड, फिट्सची औषधं संपायच्या आदल्या दिवशी आणायची सवय मोडा. पंधरा दिवसांची हातात ठेवा, प्रिस्क्रिप्शनचा फोटो आणि छापील प्रत दोन्ही. ओआरएस, पॅरासिटामॉल, बँडेज, जंतुनाशक. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर लगेच फ्रिज उघडझाप करू नका. वेळ लांबली तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डबीत ते बऱ्यापैकी गार राहतं.

वीज आणि फोन. एक टॉर्च, चालू सेल, एक चार्ज केलेली पॉवर बँक. मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरा, अंधारात पडदे पेटतात. एक छोटा सेलवरचा रेडिओ, हसू नका, २००५ मध्ये नेटवर्क गेल्यावर बातमी त्यावरच कळत होती. चार महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण आज नवऱ्याचा नंबर बायकोला पाठ नाही. ११२ सगळ्या तातडीसाठी, १०१ अग्निशमन, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती कक्ष, १९१२ वीज. आणि नेटवर्क कमजोर असताना फोन लावत बसू नका, एक एसएमएस टाका, तो जातो.

पैसे आणि कागद. वीज आणि नेट गेलं की यूपीआय गेलं. शंभर-पन्नासच्या नोटांत दोन-तीन हजार घरात असू द्या, ज्यांना जमेल त्यांनी. कागदांच्या झेरॉक्स जिपच्या प्लास्टिक पिशवीत, तळमजल्यावर राहत असाल तर मूळ कागद वरच्या कपाटात.

ठरवून ठेवायच्या गोष्टी. याला पैसे लागत नाहीत. लोकल बंद पडली तर मुलांना शाळेतून कोण आणेल? आई ठाण्यात, बाबा चर्चगेटला अडकले तर दोघांनी निरोप कुणाकडे ठेवायचा? गावाला किंवा पुण्याला असलेला एक नातेवाईक ठरवा, दोघांनी त्याला कळवायचं. रात्री जेवताना दहा मिनिटं बोललात तरी झालं.

आता सोसायटी. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डोंबिवली-ठाण्यात आज किती घरांत फक्त दोन म्हातारी माणसं आहेत ते आजूबाजूला बघा. मुलगा पुण्यात, मुलगी अमेरिकेत, हे दोघे सातव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली की त्यांच्यासाठी तो मजला म्हणजे बेट. प्रत्येक सोसायटीने एक साधी वही करावी : कोणत्या घरात एकटं ज्येष्ठ माणूस आहे, कोणाकडे ऑक्सिजन यंत्र आहे, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोण गरोदर आहे, आणि तातडीला त्यांच्याकडे कुणी जायचं. वही सेक्रेटरीकडे आणि वॉचमनकडे. माहिती ग्रुपवर टाकायची नाही, ती खासगी आहे. लिफ्ट अडकली तर माणूस बाहेर कसा काढायचा हे दोघा-तिघांना लिफ्टवाल्याकडून शिकून घ्या. जनरेटर असेल तर महिन्यातून एकदा चालवून बघा, डिझेल आहे का बघा. जुनी विहीर असेल तर उपसून साफ करा, निदान वापराचं पाणी मिळेल.

कुणी म्हणेल, हे सगळं आम्हीच करायचं तर महापालिका कशाला? प्रश्न रास्त आहे. नालेसफाई, एमआयडीसीतल्या कंपन्यांची तपासणी, पूररेषेतली बांधकामं, पंपांना पर्यायी वीज, हे घरातल्या पिशवीने सुटणार नाही आणि ते मागत राहिलंच पाहिजे. पण ज्या घराचे पहिले तीन दिवस सुरक्षित आहेत त्या घरातला माणूस चौथ्या दिवशी महापालिकेत जाऊन शांतपणे जाब विचारू शकतो. आणि दिवा, मुंब्रा, वालधुनीकाठच्या दहा बाय दहाच्या खोलीत पन्नास लिटरचे कॅन ठेवायला जागा नसते, हेही खरं आहे. तिथे मंडळांनी, शाळांनी, देवळा-मशिदींनी मिळून साठा करायला हवा. गणेशोत्सव मंडळांइतकी शिस्तीची यंत्रणा आपल्याकडे दुसरी कोणती आहे?

जुनी घरं मे महिन्यात आगोट भरायची आणि पाऊस आला की निश्चिंत भजी तळायची. या रविवारी एक काम करा : दोन कॅन पाणी भरा आणि फ्रिजवर नंबरांचा कागद लावा. पुढच्या रविवारी औषधं आणि कागदपत्रं. तिसऱ्या रविवारी सोसायटीची वही. तुमच्या घरात आगोट कशी भरली जायची, कोणते शब्द होते, काय काय साठवलं जायचं, हे आईला, आजीला विचारून खाली नक्की लिहा. आणि ज्यांचे आईवडील इथे एकटे राहतात त्या बाहेरगावच्या मित्रांना ही पोस्ट आवर्जून पाठवा.